ओढणे आणि आवरणे



कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत पुण्याहून सोलापूरकडे, बारामतीकडे किंवा कराड-कोल्हापूरकडे ज्यांनी रात्रीचा प्रवास केला असेल, त्यांनी एक वाहन हटकून पाहिले असेल. पुढे ट्रॅक्टर, त्याच्या मागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, बाजूंनी लोंबणारी वाढी आणि मागच्या दिव्याचा पत्ता नाही. आपली मोटार तिच्या मागे अडकली म्हणजे आपण चालकाच्या नावाने बोटे मोडतो. ती ओलांडून पुढे गेलो की तिला विसरतो. सकाळी चहात साखर घालताना तर तिची आठवण कोणालाच होत नाही.

आज त्या वाहनाविषयी बोलावयाचे आहे. मी इंजिनिअर नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे आयुष्य वाहतूक कामगारांच्या संघटनेत गेले. गाडीवान, चालक आणि फिटर यांच्याकडून जे ऐकले, ते पुढे पुस्तकांतून ताडून पाहिले, एवढीच माझी विद्या. परंतु हा विषय त्या विद्येच्या आवाक्यातला आहे, कारण त्याला फार मोठे गणित लागत नाही. एका वाहनाने दुसरे वाहन ओढावयाचे असेल तर तीन प्रश्न पडतात. ओझे कोठे ठेवले आहे? जोड किती उंचीवर आहे? आणि आवरावयाचे कोणी? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट असतील तर गाडी घरी येते. नसतील तर कधी ना कधी उलटते. आणि माझे म्हणणे असे, की या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चालकाच्या हातात नसते.

ओझे कोठे?

पहिला प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांना उत्तम ठाऊक होता. बैलगाडीत ओझे आसाच्या मागे जास्त झाले की जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्याला जोते आवळतात आणि गाडी मागे कलंडू पाहते. याला गाडी ‘उलाळ’ होणे म्हणतात. उलट ओझे फार पुढे आले तर ते बैलांच्या मानेवर बसते. म्हणून जाणता गाडीवान बैल जुंपण्यापूर्वी जू हाताने उचलून पाही. अगदी हलके लागले तर दोन पोती पुढे सरकवी, फार जड लागले तर मागे. जू थोडेसे जड लागले पाहिजे, हा त्याचा नियम होता.

युरोपात मोटारीच्या मागे चाकांवरचे घर, म्हणजे कॅराव्हॅन, जोडून सहलीला जाण्याची चाल आहे. तेथे हाच नियम आकड्यांत मांडलेला आहे. ब्रिटनमधील कॅराव्हॅनवाले सांगतात, की भरलेल्या कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार मोटारीच्या हुकावर पडावा. हजार किलोच्या गाडीला पन्नास ते सत्तर किलो. अमेरिकेत हेच प्रमाण १० ते १५ टक्के धरतात. भार याहून कमी पडला, म्हणजे आपल्या भाषेत गाडी उलाळ झाली, तर ठरावीक वेगानंतर मागची गाडी शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलू लागते, आणि हे हलणे प्रत्येक झोक्याबरोबर वाढत जाते. तेव्हा वेग वाढवू नये, स्टिअरिंगशी झटापट करू नये. पाय हळूच उचलून गाडी आपोआप मंदावू द्यावी. आपला गाडीवान आणि तिकडचा सहलवाला, दोघेही एकच गोष्ट मोजत होते.

जू जड झाले तर काय होते, हे बैलाला विचारावे. साखर कारखान्यांवर आजही टायरच्या बैलगाड्या ऊस आणतात आणि तो भार बैलांच्या मानेवर असतो. सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील इंजिनिअरिंग महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली ‘सारथी’ नावाची एक साधी युक्ती केली. जुवाखाली एक फिरते चाक बसवले, म्हणजे मानेवरचा भार त्या चाकावर जातो. वर्तमानपत्रांत त्याचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटली. त्यांनी बैलाला नीट चालण्याचा उपदेश केला नाही, गाडी बदलली.

जोड किती उंचीवर?

दुसरा प्रश्न उंचीचा. घरातले उभे कपाट हलवावयाचे असेल तर आपण ते तळाशी धरून ओढतो. तळाशी ओढले तर ते सरकते. वर धरून ओढले तर अंगावर येते. ट्रॅक्टरचे तसेच आहे. त्याचे ओढण्याचे ठिकाण कारखानदाराने मुद्दाम खाली, मागच्या आसाच्या खालच्या बाजूला ठेवलेले असते. कोणी साखळी किंवा हुक सोयीसाठी वरच्या दांड्याला अडकवला, आणि ओल्या रानात ट्रॉली रुतलेली असली, तर मागची चाके जागीच अडतात. इंजिनाचे बळ चाके फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे अंगच त्या आसाभोवती फिरवू लागते. पुढची चाके उचलली जातात आणि एक-दोन सेकंदांत ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडतो. त्याला उडी मारण्यासही सवड मिळत नाही. पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालवण्याच्या करामतींवर शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की त्या करामतीचे शेवटचे पाऊल मृत्यूचे असते.

मग जोड जितका खाली तितका चांगला काय? तसेही नाही. आपल्या शहरात हल्ली हौशी तरुण मोटारी आणि व्हॅन दिसायला ऐटदार व्हाव्यात म्हणून त्यांच्या स्प्रिंगा कापून त्या खाली बसवून घेतात. अशा व्हॅनच्या मागे ट्रेलर जोडला की काय होते पाहा. हुक अगोदरच खाली आलेला. त्यावर ट्रेलरच्या नाकाचा भार पडला की तो आणखी खाली जातो. स्प्रिंगेला दबावयास जागा उरत नाही. व्हॅनचे मागचे अंग बसते, पुढचे उचलले जाते, त्यामुळे वळवणाऱ्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल होते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत शिरतात. ट्रेलरला दोन आस असतील तर तो नाकावर झुकून पुढच्या आसाच्या टायरांवर बहुतेक भार टाकतो. पुण्यातला पहिलाच गतिरोधक तो हुक घासून काढील, हे वेगळे सांगावयास नको. युरोपात म्हणूनच नियम आहे, की मोटार पूर्ण भरलेली असताना हुकाचा गोळा जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर उंचीवर असला पाहिजे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. उद्या ही हौस आपल्याकडे वाढली, तर गाडी खाली बसवणाऱ्या गॅरेजवाल्याने आणि तिच्यामागे ट्रेलर जोडणाऱ्या गिऱ्हाइकाने आधी एकमेकांना भेटावे, हे बरे.

सारांश असा, की जोडल्यानंतर मागची गाडी सपाट, जमिनीशी समांतर उभी राहिली पाहिजे, आणि पुढच्या गाडीच्या कारखानदाराने जेथे ओढावयास सांगितले तेथूनच ओढले पाहिजे. ही उंची वेल्डिंगच्या दुकानात ठरते. रस्त्यावर ती बदलता येत नाही.

आवरावयाचे कोणी?

आता तिसरा आणि सर्वांत मोठा प्रश्न. ट्रॅक्टर विकत घेताना ‘किती अश्वशक्ती?’ असे सर्वजण विचारतात. ‘थांबवण्याची शक्ती किती?’ असे विचारणारा मला अजून भेटावयाचा आहे. ओढण्याला दाद मिळते, आवरण्याला मिळत नाही.

थोडा हिशेब करू. ट्रॅक्टरचे वजन दोन टन धरा आणि दोन ट्रॉल्या मिळून वीस टन. प्रत्यक्षात उसाचे वजन याहून जास्तच भरते. ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत असे समजा, कारण बहुधा ते नसतात, किंवा असून चालत नाहीत. कोरड्या डांबरी रस्त्यावर रबराच्या टायरची पकड त्यावर पडणाऱ्या वजनाच्या सुमारे सात दशांश असते. एकटा ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटर वेगाने जात असेल, तर ब्रेक लागल्यावर तो अडीच मीटरांच्या आत थांबेल. पण त्याच्या मागे वीस टन असतील, तर तेवढ्याच पकडीने बावीस टन आवरावे लागतात. मग तीच गाडी थांबावयास सुमारे पंचवीस मीटर लागतात. वेग ताशी तीस असेल तर पंचावन्न मीटर. ट्रॅक्टरचे सारे वजन ब्रेकच्या चाकांवर आहे, असे उदारपणे धरूनही हा हिशेब आहे.

हे सपाट रस्त्याचे झाले. वीस मीटरांत एक मीटर खाली जाणारा उतार लागला, तर ताशी वीसच्या वेगालाही शंभर मीटरांहून जास्त अंतर लागेल. आणि पंधरा मीटरांत एक मीटर असा उतार असेल, तर या हिशेबाने गाडी थांबणारच नाही. रुळणाऱ्या टायरांचे घर्षण आणि हुकावर पडणारा भार यांची थोडी मदत होते, ती मी धरलेली नाही. परंतु तेवढ्या मदतीवर कोणी आपले मूल रस्त्यावर उभे करील काय? दिवेघाट आपणां पुणेकरांच्या परिचयाचा आहे. एखाद्या उतारावर उभे राहून हे आकडे मनात आणावेत, म्हणजे अनुभवी चालक उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर का टाकतो आणि डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्याला शिव्या का देतो, ते कळेल.

एवढ्यावर भागत नाही. घाबरून ब्रेक गच्च दाबला की ट्रॅक्टरची चाके धरली जातात, पण ट्रॉल्यांची धरली जात नाहीत. त्या मागून ढकलत राहतात. ट्रॅक्टर जरासा तिरपा असला की त्याचे तोंड बाजूला फिरते आणि अडकित्ता मिटावा तशी सारी गाडी मिटते. मध्ये चालक सापडतो. दुसरी ट्रॉली जोडलेली असली तर आणखी एक भर पडते. मुले एकमेकांचे सदरे धरून आगगाडी खेळतात, तेव्हा पुढचा मुलगा थोडासाच वळतो, पण शेवटचा मुलगा भिरकावला जातो. चालकाने खड्डा चुकवण्यासाठी दिलेला हलका हिसका दुसऱ्या ट्रॉलीत पोहोचेपर्यंत मोठा झालेला असतो, आणि तिच्यावर उसाचा डोंगर असतो.

याला उपाय माहीत नाहीत, असे नाही. मागची गाडी पुढे ढकलू लागली की त्याच ढकलण्याने तिचे ब्रेक आपोआप लागावेत, अशी रचना जुनी आहे. हवेच्या नळीने ब्रेक लावण्याची रचनाही आहे. युरोपात साडेसातशे किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. ब्रिटनमध्ये नवख्या माणसाला सांगतात, की आपल्या मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड कॅराव्हॅन जोडू नका. ट्रॅक्टर हे मोटारीहून सावकाश चालणारे आणि ओढण्यासाठीच घडवलेले यंत्र आहे, तेव्हा तोच आकडा त्याला लावणे अन्यायाचे होईल. तथापि सहलीला निघालेल्या माणसाला शंभरास पंच्याऐंशी आणि पोटासाठी निघालेल्याला शंभरास हजार, हे अंतर विचार करावयास लावणारे आहे खास.

दोष कोणाचा?

अपघात झाला की दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘चालकाचे नियंत्रण सुटले’. पोलीस हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवतात. पूर्वी हे भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ होते आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ झाले आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. ज्याच्या घरचा माणूस गेला त्याला न्याय मिळालाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. दारू पिऊन किंवा गाणी लावून बेभान चालवणाऱ्याची वकिली मी करीत नाही. पण नियंत्रण सुटले म्हणताना ते हातात होते काय, एवढे तरी विचारावे.

ट्रॉलीला ब्रेक बसवावयाचे की नाही, हे तिच्या मालकाने ठरवले. हुक किती उंचीवर जोडावयाचा, हे वेल्डरने. ऊस किती रचावयाचा, हे टनावर मिळणाऱ्या पैशाने. तोडणाऱ्या जोडप्याची मजुरी टनावर, मुकादमाचे कमिशन टनावर, वाहतुकीचे भाडे टनावर. बीडकडून आलेला कोयता उचल फेडण्यासाठी टन मोजतो. ट्रॅक्टरचा मालक बहुधा स्वतः कर्जात असतो आणि हप्ता फेडण्यासाठी तोही टन मोजतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. हक्काचीच वाढ ती. परंतु मजुरी टनाला बांधलेली आहे तोपर्यंत ट्रॉली उंचच होत जाणार. शिवाय कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत चालक रात्र रात्र ताटकळतो आणि झोप न घेता पुढच्या खेपेला निघतो. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवून दिले. पण पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच तो बंधनकारक होता. तो कायदा पुढे २०२० च्या संहितेत सामावला गेला. एका ट्रॅक्टरवरचा एकटा चालक १९६१ सालीही त्याच्या कक्षेबाहेर होता, आणि त्याचा मालक कोण, हा वाद आजही त्याच्या वाट्याला येतो.

१९५० मध्ये प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि आपल्या पुण्याच्या धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा मालक झाला. ही साधी गोष्ट नव्हती. पण ऊस तोडणारा आणि ऊस वाहणारा, हे दोघे सहकाराच्या उंबऱ्याबाहेरच राहिले. अपघात घडतो तो याच उंबऱ्याबाहेर.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक ऐकावी. इतर मालवाहू गाड्यांत जादा भार भरला होता की नाही, हे शोधून काढावे लागते. उसाच्या गाडीचे तसे नाही. ती प्रत्येक खेपेला कारखान्याच्या वजनकाट्यावर चढते, तिचे वजन किलोपर्यंत लिहिले जाते, त्याची पावती निघते आणि त्या पावतीवर पैसे मिळतात. म्हणजे कायद्याचा भंग झाला असेल तर त्याचा लेखी पुरावा दर खेपेला तयार होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि शिवाय दर जादा टनाला दोन हजार रुपये दंड ठेवलेला आहे. त्यातले शब्द महत्त्वाचे आहेत. वाहन चालवणाराच नव्हे, तर ते चालवावयास लावणारा किंवा चालवू देणाराही या कलमाखाली येतो. कायदा करणाऱ्यांना चालकाच्या मागे उभा असलेला माणूस दिसला होता. तो आपल्याला दिसत नाही, कारण आपण फक्त रस्त्याकडे पाहतो, काट्याकडे पाहत नाही.

काय करावे?

साखर आयुक्तांची कचेरी आपल्या शिवाजीनगरला साखर संकुलात आहे आणि वसंतदादा साखर संस्था मांजरीला. तेव्हा हा प्रश्न खेड्यातला आहे, असे म्हणून पुण्याला हात झटकता येणार नाहीत. मागण्या साध्या आहेत. वजनकाट्याच्या पावतीवर प्रत्यक्ष वजनाशेजारी त्या गाडीला परवानगी असलेले वजन छापावे आणि त्यावरच्या उसाला वाहतुकीचे भाडे देऊ नये. जादा भरण्यात फायदा उरला नाही की कोणी भरणार नाही. ब्रेक नसलेली ट्रॉली करारात घेऊ नये, आणि ब्रेक बसवण्याचा खर्च कारखान्याने आगाऊ देऊन भाड्यातून सवडीने वळता करावा. पिनेबरोबर जाड साखळी असावी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली सुटून रस्त्यावर मोकाट जाणार नाही. मागच्या बाजूला उसाने झाकले जाणार नाहीत अशा ठिकाणी दिवे आणि चकाकणाऱ्या पट्ट्या असाव्यात. दर हंगामाच्या आरंभी या पट्ट्या लावण्याचे समारंभ होतात आणि छायाचित्रे छापून येतात. त्याच पट्ट्या संक्रांतीनंतर पुन्हा एकदा पाहाव्यात. उसावर बसून माणसांनी प्रवास करू नये, आणि त्यासाठी तोडकऱ्यांच्या टोळीला वेगळे वाहन द्यावे. आवारात थांबलेल्या चालकाला पाठ टेकण्यापुरती जागा आणि प्यावयाला पाणी मिळावे.

आणि आपण श्रोत्यांनी काय करावे? रात्री अशी गाडी पुढे दिसली तर तिच्याजवळ जाऊ नये. ती थांबली तरी आपल्याला दिसणार नाही. समोरून येत असेल तर तिच्यापुढे एकाएकी आडवे जाऊ नये. पंचवीस मीटरांचा हिशेब आता आपल्याला ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळांची शेती गावाकडे आहे, काहीजण कारखान्याचे सभासदही आहेत. वार्षिक सभेत उसाच्या दरावर आपण तावातावाने बोलतो. त्याच सभेत ट्रॉलीच्या ब्रेकविषयी एक प्रश्न विचारावा. सभासदाने विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहावा लागतो, आणि लिहिलेल्या प्रश्नाला कधीतरी उत्तर द्यावे लागते.

या दिवसांत गाळप संपलेले असते. ट्रॉल्या रिकाम्या, टायर काढून, बाभळीखाली उभ्या असतात. वेल्डरला काम नसते आणि मालकाला सवड असते. दसऱ्या-दिवाळीनंतर मोळ्या पडू लागल्या की कोणी थांबणार नाही. हुक उतरवावयाचा असेल, साखळी जोडावयाची असेल, ब्रेक बसवावयाचे असतील, तर ते आता, उन्हाळ्यातच होऊ शकते.